बॅटऱ्यांच्या खोलीतला उंदीर

"अरेच्चा! माझा टॉवेल अजून ओलाच!" लुपे ओरडली.

समुद्रात डुंबून आलं की गावाच्या सौरविजेच्या बॅटऱ्यांच्या खोलीच्या भिंतीतल्या जाळीवर कपडे टाकायचे, हा नाताळच्या सुट्टीत तिघा मित्रांचा ठरलेला कार्यक्रम. आतला पंखा गरम हवा बाहेर फेकायचा आणि कपडे झटक्यात वाळायचे. आज जाळीतून साधी फुंकरही येत नव्हती!

"पंखा तर घरघरतोय," धाकटा सेमिसी जाळीला कान लावून म्हणाला.

"म्हणजे आतून काहीतरी आडवं आलंय!" ओफाने निकाल दिला.

तिघं हे सांगायला सभेच्या मांडवाकडे पळाली. तिथे गावप्रमुख मोसेसेकाका लुपेच्या आत्याला सगळ्यांदेखत झापत होते. मेलेआनेआत्या बेटावरची पहिली इंजिनियर. गावात सौरवीज आणली तीच.

"रोज संध्याकाळी अंधार! उद्याच्या बोटीनं डिझेलचं इंजिन परत येतंय. पुरे झाली तुझी सौरवीज!"

"काका, बॅटऱ्या तापतात म्हणून आपोआप बंद पडतात. का तापतात ते आत गेल्याशिवाय कसं कळणार? चावी द्या ना!"

"चावी हरवलीय," काका छताकडे बघत म्हणाले. सगळ्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या.

आत्याचे डोळे भरून आले. लुपेला ते बघवेना. आणि या बायका गप्प का? आत यांचंच काही ठेवलेलं नसेल? तिने सरळ बोंब ठोकली, "उंदीर! बॅटऱ्यांच्या खोलीत उंदीर शिरलाय!"

"अगं बाई, माझी चटई!" एक आजी किंचाळली.

"तुमची? माझीपण आहे आत!"

अख्खा मांडव धावत सुटला. सगळ्यांच्या पुढे मोसेसेकाका, आणि त्यांच्या हातात हरवलेली चावी!

दार उघडलं आणि आत्या जागीच थिजली. जमिनीपासून छतापर्यंत चटयाच चटया! लेकींच्या लग्नात द्यायच्या, आजी-पणजीने विणलेल्या. बॅटऱ्या दिसतही नव्हत्या, जाळी तर पार बुजलेली.

"दमट हवेनं बुरशी धरते गं," काका पुटपुटले. "गावात एवढी कोरडी जागा दुसरी नाही. मी फक्त लेकीच्या ठेवल्या होत्या. मग एकेकीनं..."

"काका, आग लागली असती!" आत्या ओरडली. "चटया गेल्या असत्या, गावही गेलं असतं!"

सगळ्यांनी भराभर चटया बाहेर काढायला सुरुवात केली. तळाशी आपल्याच घरची लाल लोकरीच्या काठाची चटई बघून लुपे गर्रकन वळली.

"आई, तूसुद्धा?"

त्या संध्याकाळी दिवे लागले ते विझलेच नाहीत. मोसेसेकाकांनी मान म्हणून आपली सर्वांत जुनी चटई सगळ्यांसमोर तिघांच्या खांद्यांवर पांघरली. "पोरांनो, तुम्ही गाव वाचवलंत! बोट इंजिनासकट परत जाईल."

"पण काका, ही चटई ठेवायची कुठे?" सेमिसीने विचारलं.

"ते मला नको विचारूस, बाबा!" काका म्हणाले, आणि चावी त्यांनी आत्याच्या हातात दिली.