बाबा मजेत आहेत

हे लिहू की नको, असं करत चार महिने गेले.

ऋता माझी सख्खी मावसबहीण. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवला. तुम्ही ठेवाच, असा आग्रह नाही. बोटीचं नाव लिहिणार नाही.

खरं तर ते ऋतालाही माहीत नाही.

जागा गिरगाव. ठाकूरद्वारच्या मागची एक चाळ, दुसरा मजला. आणि वेळ रात्रीची नव्हे. गेल्या श्रावणातली भर दुपार.

ऋताचा नवरा हितेंद्र नेव्हीत, पाणबुडीवर. तीही साधी नाही. अण्वस्त्रं घेऊन महिनोन्‌महिने पाण्याखाली दडून राहणारी. कुठे जाते, कधी येते, घरच्यांना काही सांगत नाहीत. ऋताने एकदा विचारलं होतं, "तुम्ही तिथे नक्की करता काय?"

तो हसला. "काही न करण्याचाच पगार घेतो आम्ही. ज्या दिवशी काही करू ना, त्या दिवशी हे गिरगावही नसेल."

घरच्यांना आठवड्यातून एक निरोप पाठवता यायचा. दर गुरुवारी, नेव्हीच्या ऑफिसच्या मेलवर. फक्त चाळीस शब्द. ऑफिसवाले वाचून मग पुढे सोडणार. वाईट बातमी चालायची नाही. उलट उत्तर यायचं नाही. बोट फक्त ऐकते. बोलली, तर सापडेल.

हितेंद्र बोटीवर गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात सासरे, दत्ताराम, जेवता जेवता गेले. हात ताटातच राहिला.

ऋताने रडत ऑफिसला फोन लावला. पलीकडचा साहेब फार मऊ आवाजात बोलला.

"मॅडम, वाईट झालं. पण हे त्यांना कळवता येणार नाही. मधेच कुणाला उतरवता येत नाही तिथून. तुम्ही नेहमीसारखं लिहीत राहा."

अग्नी पुतण्याने दिला, मयूरने. दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. सासूबाईंनी, गंगुबाईंनी, हात जोडले. "काय रवला असात ता आमी करतंव. घेवा आता."

कावळे कठड्यावर बसून नुसते बघत राहिले...

शेवटी दर्भाचा कावळा केला.

त्या गुरुवारी ऋताने लिहिलं, 'बाबा मजेत आहेत.'

"गो, सुतक फिटूक नाय आणि मजेत काय लिवतंस?"

"मग काय लिहू, आई? त्यांचं नाव नाही दिसलं तर हितेंद्रला लगेच संशय येईल."

खोटं एकदा लिहिलं की त्याला हातपाय फुटतात. पुढच्या गुरुवारी तिने लिहिलं, 'बाबा दुपारचे गॅलरीत खुर्ची टाकून बसतात.'

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली. मागच्या गल्लीतल्या सेसिलिया आंटी. महिनाभर लेकीकडे वसईला होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"ए ऋता! सासऱ्याला आत घे गं, पावसात भिजतोय केव्हाचा! हाक मारली तर बघतो, पन बोलत नाय. कट्टी केली काय म्हाताऱ्याने माझ्याशी?"

ऋता गॅलरीत आली.

कुणी नव्हतं.

फक्त खुर्ची... उघडलेली. चिंब.

ती खुर्ची तेराव्यानंतर माळ्यावर टाकली होती.

"आई, खुर्ची तुम्ही काढलीत?"

"मिया? माका शिडी चढूक येता काय?"

मयूरने काढली असेल. शिकलेली मुलगी, तिने तसंच धरलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा चाळीस शब्द भरले. 'बाबा सकाळी भायखळ्याहून भाजी आणतात. दुपारी मनवाला मांडीवर घेऊन बसतात.'

मनवा तिची आठ महिन्यांची मुलगी.

शुक्रवारी सकाळी ऋताने दार उघडलं. कडीला पिशवी लटकत होती. आत माठाची जुडी आणि दुधी. पिशवीतून पाणी ठिबकत होतं...

तिने बोट लावलं. जिभेवर टेकवलं.

खारट.

आणि तिला निरोपातलं पुढचं वाक्य आठवलं.

त्या दिवशी तिने मनवाला खाली ठेवलंच नाही. कडेवर घेऊन स्वयंपाक केला, कडेवर घेऊनच जेवली. तीन वाजता दूध उतू जायला लागलं. पाळण्यात ठेवलं तिला. गॅस बंद करायला जितका वेळ लागतो, तेवढाच.

गॅस बंद केला...

आणि सगळे आवाज बंद झाले.

खालचा नळ. शेजारचा टीव्ही. पंखा डोक्यावर फिरत होता, पण मुका. तिने हाक मारली. तोंड उघडलं, आवाज नाही.

पाळणा हलत होता. रिकामा.

ती गॅलरीत धावली.

मनवा खुर्चीत बसली होती. ताठ, पाठीला टेकू असल्यासारखी. वर कुणाकडे तरी बघून हसत होती.

पण खुर्चीवर नव्हती ती...

खुर्चीच्या वीतभर वर होती.

ऋताने झडप घालून तिला ओढलं. क्षणभर कुणी सोडेचना. मग सुटली. झबल्याची पाठ बर्फासारखी गार, आणि त्यावर पाच बोटांचा ओला ठसा.

आवाज परत आले. मनवा किंचाळून रडत होती. रडताना हात मात्र खुर्चीकडे पसरत होती.

ऋताने त्याच क्षणी मेल केला. 'बाबा गेले. महिना होत आला. माफ कर.'

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "मॅडम, हा निरोप जाणार नाही."

"पाया पडते तुमच्या. माझी मुलगी..."

"नियम आहे, मॅडम. काहीतरी चांगलं लिहा. फार तर आज एक जादा सोडतो."

गॅलरीत खुर्ची करकरली.

मनवाचं रडणं थांबलं. ती दाराकडे बघून पुन्हा हसायला लागली.

ऋताने विचार केला नाही. मला म्हणाली, "मनवाच्या जागी तुझं मूल असतं तर तू केला असतास?" तिने टाइप केलं, 'बाबा तुला भेटायला निघालेत.'

साहेबांना ते नेहमीसारखंच वाटलं असेल. निरोप गेला.

संध्याकाळी खुर्ची कोरडी होती. गंगुबाई देवापुढे बसून म्हणाल्या, "गेले गो. घर हलका झाला." थोड्या वेळाने मान वळवून विचारलं, "खंय पाठवलंस त्यांका?"



हितेंद्र गणपतीला यायचा होता. गणपती गेले. दिवाळी गेली. ती दर आठवड्याला फोन करते. तोच साहेब, तोच मऊ आवाज.

"सगळे मजेत आहेत, मॅडम. काम वाढलंय, एवढंच."

असं वाक्य कसं लिहितात, ते ऋताला आता माहीत आहे.

पेपरात काही नाही. टीव्हीवर काही नाही. ज्या बोटीचा पत्ताच कुणाला नव्हता, ती हरवली तरी कळणार कुणाला? आणि हरवली नसेल तर... त्या बंद पोलादी नळीत, बॉम्बांपासून चार पावलांवर, समोर मेलेला बाप येऊन बसल्यावर माणूस काय करेल? मी रात्री माझ्या पोराला थोपटताना हाच विचार करते.

मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. मनवा भिंत धरून चालायला लागलीय. मी धीर करून विचारलं, "ऋता, 'बाबा परत आले' असं एकदा लिहून का बघत नाहीस? कदाचित हितेंद्र सुटेल."

तिने दाराला आतून कडी घातली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आणि ते एकटे आले नाहीत तर?"