रेषेबाहेर पडलेला चेंडू

पावसाची सर आली तशी नेउस धावत टेनिस क्लबच्या छपराखाली गेली. तिथे एक उंच माणूस आधीच निथळत उभा होता. समोर तांबड्या मातीच्या कोर्टाचा बघता बघता चिखल झाला.

"गेला आता तासभर," ती स्वतःशीच पुटपुटली.

त्याने चमकून वळून पाहिलं. "हा आवाज... मला खेचर म्हणालेली तूच ना?"

नेउस ओशाळली. ती स्पेनमधल्या तारागोनाच्या रेडिओवरची टेनिस समालोचक. आणि हा बर्नात सोलेर – आयुष्य टेनिसमध्ये घालवून नुकताच निवृत्त झालेला, याच गावचा.

"हट्टी खेचर म्हणाले होते... कौतुकाने."

"आईने आठवडाभर तुझा रेडिओ लावला नाही."

"आणि तू?"

"मी... गाडीत चोरून ऐकायचो."

तो हसला. नेउसने पटकन नजर वळवली, तर ती त्याच्या मुठीतल्या गाडीच्या किल्लीवर गेली.

"संध्याकाळी तुझा सत्कार आहे. आणि तू पळून चाललायस?"

"एक मोठा चषक नाही माझ्या नावावर. कसला सत्कार घ्यायचा?"

तिने ओले केस कानामागे सारले.

"ती उपांत्य फेरी आठवते? पंचांनी तुझा चेंडू आत दिला होता. तू जिंकला होतास. तरी तूच जाळी ओलांडून मातीतली खूण दाखवलीस – बाहेर आहे म्हणून. मग हरलास."

"हरलोच ना."

"मी तेव्हा माइकवर गप्प झाले. लोकांना वाटलं, यंत्र बिघडलं. मी रडत होते, बर्नात. आमच्या गावचा आहे हा, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं."

त्याने किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी सत्काराचं थेट प्रसारण करताना नेउसने तोच प्रसंग माइकवरून सगळ्यांना सांगितला. बोलता बोलता तिची मान ताठ झाली. लोक उभे राहिले; मागच्या रांगेतली बर्नातची आई तर खुर्चीवरच चढली. टाळ्या थांबेचनात.

त्या गलक्यात बर्नात तिच्याजवळ आला.

"उद्या माझ्याबरोबर जेवायला येशील? आणि परवा... आणि पुढेही?"

"माइक चालू आहे," ती कुजबुजली. "सगळं तारागोना ऐकतंय."

"ऐकू दे."

माइक बंद करायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. तिने ते दाबलं नाही.

"श्रोतेहो," ती म्हणाली, "मी हो म्हणतेय."