चेपलेली गोळी

हिवाळा तोंडावर आला की शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, ही आमच्या मोंटानाच्या डोंगरात घरोघरची रीत. बाबा गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच मी तळघरात ते भांडं तापवत होते. समोर बाबांचीच रायफल मांडीवर घेऊन ऑर्व्हिल काका बसला होता. बाबांचा धाकटा भाऊ.

गेल्या शिकारीच्या मोसमात जंगलात बाबांच्या पाठीत कुणाची तरी गोळी शिरली. शेरीफला ती सापडलीच नाही. कुणीतरी सुरीने खणून काढून नेली होती. तेव्हापासून काका येतो आणि बाबांची जमीन विक म्हणतो. मी नाही म्हणते.

"शिसं का सांडतंय गं, कॉलेजवाली? एवढी बुकं वाचलीस आणि पळी धरता येईना?"

"गरम आहे, काका."

"मग काय बर्फ असणार त्यात?"

शिसं वाया घालवायचं नाही, हीसुद्धा इथली रीत. मारलेल्या जनावरातून गोळी काढायची, जपायची, पुढच्या मोसमात पुन्हा ओतायची. काकाने खिशातून तशीच एक चेपलेली गोळी काढली आणि अगदी सवयीने भांड्यात टाकली.

"कुठल्या हरणातली?"

"गेल्या मोसमातली. मोठा नर होता." तो हसला. "फार हट्टी."

गेल्या मोसमात काका रिकाम्या हातानं परतला होता. गावभर त्याची चेष्टा झाली होती...

शिशातली मळी वर यावी म्हणून मी मेणाचा तुकडा टाकला. मेण जळलं, पण वास आला बाबांच्या पाइपचा. चेरीचा तंबाखू. आणि ती गोळी तरंगत होती. शिशावर शिसं! पळीनं दाबली, ती वर आली. पुन्हा दाबली. मग दिसेनाशी झाली. पळीनं तळ ढवळून पाहिला, तिथे काही लागलं नाही.

साच्यातून एकेक चपट्या टोकाची गोळी पडत गेली. काका त्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांत बसवत होता.

"जमीन विकतेस, की उद्या येतेस माझ्याबरोबर? तू पुढे चालून हरणं उठवायची. मागे मी."

"मला... नको."

"तुझा बापही पुढेच चालायचा."

उजाडताच तो दारात उभा राहिला. रायफल हातात घेतलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"तुझ्याच हातच्या गोळ्या आहेत, टेस," तो म्हणाला. "चल."

पाइनच्या झाडांखाली नुसता बर्फ. माझ्या पावलांचा आवाज, मागे काकाच्या बुटांचा. करकर... करकर... मग बूट थांबले. रायफलची काडतूस चढवायची कडी खाली-वर झाली. खट्... खटाक.

मान वळेना. आणि तेवढ्यात त्या कोरड्या थंडीत तोच वास आला... चेरीच्या तंबाखूचा.

बार झाला. मी तोंडावर आपटले. अंग चाचपलं, कुठेच काही लागलं नव्हतं. वळून पाहिलं तर काका बर्फात पालथा पडलेला, पाठीत भोक. त्याच्यामागे दूरवर आमच्या दोघांच्या पावलांखेरीज तिसरं पाऊल नव्हतं.

रायफलमधली काडतुसं सगळी जशीच्या तशी होती, शेरीफ म्हणाला. गोळी काकाच्या अंगातही सापडली नाही. जखम सुरीनं खणली होती.

मला घरी सोडून शेरीफ गेला. दार लावलं, दिवे लावले आणि तळघरात उतरले. शेगडी कालच विझवली होती. भांड्यातलं शिसं दगडासारखं थिजलं होतं. त्यावर ती चेपलेली गोळी पडली होती. रक्तानं ओली. मी बोट लावलं.

अजून ऊन होती.

आणि थिजलेल्या शिशात, तिच्या शेजारीच, आणखी एका गोळीएवढा खळगा होता. रिकामा. तिथली गोळी अजून परतायची होती.