तीस सह्या

वाहतूक चौकीतला फोन सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी वाजला. मागच्या गल्लीत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीने एका शिडीला धडक दिली होती. शिडीवर चढून एक रंगारी बंद दुकानाचं शटर रंगवत होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि त्याला बेशुद्धच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. गल्लीतली दुकानं अजून उघडायची होती, त्यामुळे धडक कुणी पाहिली नव्हती. पोलीस पोचले तेव्हा गाडीजवळ स्कूलचे मास्तर घाम पुसत उभे होते. गाडी चालवणारी शिकाऊ मुलगी पळून गेली, असं त्यांनी सांगितलं.

ती मुलगी साडेअकराला सापडली. स्वतःच्या घरी, केस धुताना.

बाराला ती ओल्या केसांनीच चौकीतल्या बाकावर बसली होती आणि समोरचा कागद तिने दोन बोटांनी परत सरकवला होता.

"सही करणार नाही."

"हे तिसऱ्यांदा सांगितलंस," हवालदार म्हणाला. चौकीत त्याला सगळे 'आटपा' म्हणत, कारण माणूस समोर बसला रे बसला की तो "चला, आटपा" म्हणायचा.

"मग चौथ्यांदा विचारू नका. माझ्यावर आरोप काय तो लेखी द्या. वाचायला वेळ द्या. मला मान्य नसेल तर ते कोर्टात सांगायचा मला हक्क आहे. आणि माझं शिकाऊ लायसन्स तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकलंत, त्याची पावती द्या."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला अकरावा प्रश्न हाच होता."

तिचे बाबा बेकरीतून तसेच धावत आले होते, कोपरापर्यंत पीठ घेऊन. "ठमे, अगं कर ना सही," ते हळूच म्हणाले. "सर दंड भरतायत. उगाच शब्दाने शब्द वाढतो."

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते नुकतेच रिक्षातून उतरले होते. "अठरा वर्षं पोरांना शिकवतोय," ते मोठ्या मनाने म्हणाले. "हे वयच असं असतं. नुसता दंड आहे, मी भरतो. पोरीला कशाला त्रास?"

"नुसता दंड नाही," ठमी म्हणाली. "कागदावर खाली लिहिलंय, गुन्हा कबूल. शिकाऊ लायसन्सवर माणूस जखमी केला तर पाच वर्षं लायसन्स मिळत नाही. गुरुवारी माझी पक्क्या लायसन्सची परीक्षा आहे आणि एक तारखेपासून रुग्णवाहिकेवर नोकरी. ही सही केली की सगळं गेलं." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, न वाचता एकदा तीस सह्या करून बसलेय मी. आता एकसुद्धा नाही."

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या फौजदारबाईंनी कप खाली ठेवला. निवृत्तीला आठ महिने उरले होते, गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झाले होते आणि सकाळपासून त्यांना कुणाचंच बोलणं पटलं नव्हतं. हे मात्र त्यांनी कान देऊन ऐकलं.

"दहाला कुठे होतीस?"

"घरी."

"दहाचा क्लास होता ना?"

"काल संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. म्हणाले उद्या सुट्टी, गाडी कामाला जाणार."

"घरी सोबत कोण होतं?"

"बादली."

आटपा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना पुढे बोलावलं.

"काल हिला फोन केलात?"

"केला. उद्या वेळेवर ये म्हणून सांगायला."

"गाडीत तुम्ही कुठे बसला होतात?"

"नेहमीसारखा शेजारच्या सीटवर. वळणावर हिने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी लगेच माझ्या बाजूचा ब्रेक मारला, पण तोवर शिडी गेली होती."

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर तो दाबतात.

"नीट लागला तुमचा ब्रेक?"

"कचकन! म्हणून तर रंगारी वाचला, मॅडम."

"बरं," बाई म्हणाल्या आणि चौकीच्या अंगणात ओढून आणलेली गाडी बघायला गेल्या.

रंगाऱ्याचा डबा गाडीवरच उलटला होता. बॉनेट, काच, दिवे, नंबरप्लेट, सगळीकडे निळे शिंतोडे उडाले होते. बॉनेटवर चुंबकाने चिकटवलेली 'एल'ची पाटी तेवढी धुतल्यासारखी पांढरी होती. बाईंनी ती नखाने उचलली, खाली पाहिलं आणि परत होती तशी ठेवली. मग शेजारच्या सीटचं दार उघडून त्या कण्हत वाकल्या. पाय ठेवायच्या जागी अंधार होता. त्यांनी हाताने चाचपलं. चार मोकळी भोकं हाताला लागली, आणि बोटांना ताजं ग्रीस. ते त्यांनी आटपाच्या रुमालाला पुसलं.

"मॅडम, पोरीला कोठडीत—"

"तू आधी रुमाल धू."

ड्रायव्हिंग स्कूल दोन गल्ल्यांवर होतं. हजेरीवही बघायला बाई चालत गेल्या, गुडघ्यांना शिव्या देत. सर आपणहून बरोबर आले. स्कूलच्या दारात सरांची स्वतःची मोठी गाडी कापडाखाली झाकून ठेवली होती. चाकांना वाळक्या पानांचा ढीग टेकला होता आणि पुढच्या चाकापासून मडगार्डपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं.

"छान गाडी आहे. चालवत नाही वाटतं?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," सर म्हणाले.

हजेरीवहीत ठमीचं पान निघालं. "हे बघा," सर म्हणाले. "आज, दहा वाजता. तिची सही."

बाईंनी चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोनदा. मग वही काखेत मारली, वाटेत दोन फोन केले आणि सगळ्यांना परत चौकीत बसवलं.

"आता मी बोलते," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "आटपा, तू गप्प बैस आणि लिही."

वही टेबलावर उघडली गेली.

"ही आजची सही. पोरगी दहाला आली होती याचा पुरावा. चला, मानलं. पण तिने उद्याची सहीही केलीय. परवाचीसुद्धा. महिनाअखेरपर्यंत तीसच्या तीस, एकाच पेनाने. एवढी वक्तशीर मुलगी मी नोकरीत पाहिली नाही."

"पहिल्याच दिवशी घेतात सगळ्यांकडून," ठमी म्हणाली. "वाचायला मागितलं तर म्हणाले, गर्दी आहे, आटपा."

आटपाने मान खाली घातली.

"म्हणजे वही बाद. आता ती पाटी. सगळ्या बॉनेटवर रंग, पाटीवर थेंब नाही. आणि पाटीखाली? तिथे निळा रंग. रंग आधी उडाला, पाटी नंतर लागली. धडक बसली तेव्हा गाडीवर पाटीच नव्हती. मग तो क्लास कसला? गाडी दुसराच कुणीतरी चालवत होता, आणि नंतर डिकीतून पाटी काढून क्लासचं सोंग आणलं."

मास्तरांनी घाम पुसला.

"मास्तर, तुम्ही कचकन ब्रेक मारलात म्हणे. कशावर मारलात? तुमच्या बाजूला पेडलच नाही. आज सकाळी गॅरेजमध्ये त्याला तडा दिसला, म्हणून ते वेल्डिंगसाठी काढलंय. गॅरेजवाल्याशी बोलले मी. तो दुसऱ्या गाडीखाली झोपला होता, बाहेर उभी केलेली गाडी कुणी नेली ते त्याने पाहिलं नाही. पण पेडल अजून त्याच्याकडे आहे. इतकी वर्षं त्या सीटवर बसताय तुम्ही. बसल्याबसल्या पाय आधी ब्रेक शोधतो तुमचा. आज गाडीत बसला असता तर ब्रेक नाही हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. खोटं बोलतानाही सवय सुटली नाही. तुम्ही गाडीत नव्हताच."

मास्तरांनी रुमाल खाली ठेवला. "मला फोन आला," ते म्हणाले. "दहा वाजून सहा मिनिटांनी. ये, पाटी लाव आणि पोरीचं नाव सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"कुणाचा फोन?"

मास्तरांनी नुसतं पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं.

"काहीतरीच!" सर उसळले. "मी चालवत असतो तर लपवलं कशाला असतं? अपघात कुणाच्याही हातून होतो!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात. लपवायचं कारण काय?" फौजदारबाई उठल्या आणि सरांसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. रस्त्यावर पोराटोरांना गेली तीस वर्षं विचारत आलेला प्रश्न त्यांनी विचारला. "लायसन्स दाखवा."

सरांचा हात खिशाकडे गेला आणि दोन पेनांवरच थांबला.

"राहू दे. परवाना कचेरीत विचारलंय. गाडी चालवताना फोनवर बोललात, तीनदा पकडलं, चार महिन्यांपूर्वी लायसन्स निलंबित. म्हणून दारातल्या गाडीवर कोळी संसार थाटून बसलाय. निलंबित असताना गाडी चालवून माणूस पाडला तर तुरुंग, आणि स्कूलला कायमचं कुलूप. मग सोपं काय? एकोणीस वर्षांची पोरगी. तरुण आहे म्हटल्यावर चूक तिचीच असणार, हे सगळ्यांना आधीच पटलेलं." त्यांनी ठमीकडे पाहिलं. "सकाळी मलाही पटलं होतं. तिने सही केली असती तर मी गाडी बघायला उठलेही नसते."

सरांना आटपाने आत नेलं.

ठमीचा नवा जबाब चार पानांचा झाला. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दहा मिनिटं झाली. आटपा चुळबुळला, पण तोंड उघडलं नाही.

"इथे 'पळून गेलेली मुलगी' लिहिलंय," ती म्हणाली. "मी पळाले नव्हते. घरी केस धूत होते. तसं लिहा."

आटपाने खोडलं आणि तसं लिहिलं.

तिने पेन हातात घेतलं, तेवढ्यात बाबांनी तिचा हात धरला. आता हे पुन्हा काय म्हणतायत म्हणून तिने कपाळाला आठ्या घातल्या. बाबांनी शर्टाला पीठ पुसलं आणि खिशातून चष्मा काढला.

"थांब," ते म्हणाले. "मलाही वाचू दे."

चारही पानं त्यांनी बोट ठेवून वाचली. चौकीतले सगळे थांबले. मग ठमीने सही केली, आणि लायसन्ससाठी हात पुढे केला.