एकदाच सांगणारी

"हनुवटी जरा वर… नाही, एवढी नाही. भांडायला निघाल्यासारख्या दिसताय," फोटोवाला म्हणाला, आणि ती हसणार तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

ती आली होती पासपोर्टच्या फोटोसाठी. नेहमीचं दुकान बंद, बाहेर भुरभुर लागलेली, आणि कोपऱ्यावरच्या या स्टुडिओत तेवढा दिवा दिसला म्हणून आत शिरली. ओल्या चपला पुसायला ती पायपुसणं शोधत होती, तर त्यानेच ते पायाने तिच्याकडे सरकवलं. न बोलता. तिला ते उगाचच आवडलं.

त्याने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं. पडद्यावर एक चौकट उगवली — 'चित्र सदोष. काम थांबवले.' — आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पडला.

"आल्या आमच्या महाराणी!" तो म्हणाला. "एवढं बोलायचं आणि दार आपटून चालू पडायचं. कोणतं चित्र, काय बिघडलं, विचारायची सोय नाही. वर सकाळपासूनचं माझं कामही सोबत घेऊन गेली. हे वाक्य ज्या कोणी लिहिलंय ना, त्याला एकदा या स्टुलावर बसवून जाब विचारायचाय मला."

ज्या कोणी ते लिहिलं होतं, ती त्याच स्टुलावर बसली होती.

आता हे कसं, ते सांगायला हवं. ती ज्या कंपनीत होती, ती फोटो स्टुडिओंसाठी हा प्रोग्रॅम बनवायची. त्याच्या पोटात चित्रं उघडणारी आणि दाबून लहान करणारी एक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार भागांची. तिच्यात एखादं चित्र बिघडलेलं निघालं तर काय करायचं आणि माणसाला काय सांगायचं, हे हिचं खातं. ऑफिसात तिला सगळे चूकताई म्हणत. चूक मोठी असेल तर निरोप देऊन सगळं बंद करायचं. बारीक असेल तर सूचना द्यायची आणि पुढे चालायचं. आपलं काम चोख आहे असं तिला वाटायचं. कोणाची सकाळ आपण घेऊन जातो, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

"त्याचाही नाइलाज असेल," ती म्हणाली. "बिघडलेलं चित्र घेऊन पुढे गेलं आणि भलतंच काही झालं तर?"

"तुम्ही का त्याची बाजू घेताय? नात्यातला आहे?"

"छे… ओळखसुद्धा नाही."

तो हसला. हसताना त्याची मान एका बाजूला कलायची, जणू समोरच्याचा फोटो कुठून चांगला येईल ते बघतोय. त्याने तिचा फोटो पुन्हा काढला, प्रिंट उद्या मिळतील म्हणाला. आणि ती ऑफिसात जाऊन थेट आपल्या निरोपांच्या मागे लागली.

दर सोमवारी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघे. त्या सोमवारी ती राहिलेला एक प्रिंट मागायला गेली, तर हा दारातच उभा!

"अहो, चमत्कार झाला! आज महाराणी म्हणाल्या, 'या नावाचे चित्र शेवटी अपुरे आहे. ते बाजूला ठेवून बाकीची उघडत आहे.' एवढं सविस्तर! आणि बंद पडली नाही. कोणीतरी माझं ऐकतंय बघा."

"असेल कोणी," ती म्हणाली, आणि कानांच्या पाळ्या तापल्या म्हणून केस पुढे ओढले.

मग हे सुरूच झालं. तो कुरकुर करायचा, ती ऐकायची, आणि येत्या सोमवारी ती कुरकुर दूर व्हायची. त्याला चहात साखर किती लागते ते तिला कळलं. तिला दिव्याच्या उजेडात शिंका येतात, हे त्याला कळलं. अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. घरी मावशीने एकदा विचारलं, "तुला रोज पासपोर्ट काढायला लागतो का गं?" तेव्हा तिला ठसका लागला.

ती प्रेमात पडली होती, दुसरं काय! पण आपण कोण हे तिने सांगितलं नव्हतं. आधी लाजेने, मग भीतीने, आणि मग आता फार उशीर झाला म्हणून. "संगणकावर काम करते," एवढ्यावर तिने त्याची बोळवण केली होती.

एके दिवशी तो म्हणाला, "हल्ली फार बोलते ती. प्रत्येक फोटोमागे एक सूचना. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याला वाटतं माझंच दुकान बिघडलंय. एकदा सांगावं की, आणि मग गप्प बसावं!"

आणि हिने तसं केलं. एरवी साहेबांनी हात जोडले असते तरी चाचणी घेतल्याशिवाय हिने एक ओळ बदलली नसती. या वेळी घाईघाईत बदलली. आता एका वेळच्या कामात पहिली सूचना तेवढी पडद्यावर यायची. बाकीच्या आतल्या आत मोजल्या जायच्या. चित्राचा जो भाग सापडला नाही, तिथे लायब्ररी राखाडी रंग भरून मोकळी व्हायची.

याच सुमारास त्याच्या घरी एक मोठी गोष्ट घडत होती. त्याच्या बाबांनी हा स्टुडिओ काढला, गावभरची लग्नं आणि बाळं टिपली, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. 'फोटो काढणाऱ्याने फोटोत शिरू नये' हा त्यांचा हेका. आता आई-बाबा दूरच्या शहरात मुलीकडे राहायला जायचे होते, कायमचे. जाण्याआधी एक तरी फोटो हवा, म्हणून त्याने आणि आईने मिळून बाबांना कसंबसं बाबापुता करून उभं केलं होतं.

जाण्याच्या दिवशी सकाळी ती ऑफिसला जाताना डोकावली, तर स्वारी खुशीत.

"काढले गं बाबांचे फोटो! आई खुर्चीत, बाबा मागे उभे. आणि तुला सांगतो, महाराणी एकदम शहाण्यासारखी वागली. एकदाच कुरकुरली, तीही पहिल्या फोटोवर. तो मी नुसत्या रिकाम्या खुर्चीचा काढला होता, उजेड बघायला. म्हटलं, गेला तर गेला. बाकी सगळे बिनबोभाट आत आले. लगेच कार्ड पुसून रिकामं करून ठेवलं."

ती उंबरा ओलांडून संगणकाजवळ आली.

"तू… ते उघडून बघितलेस?"

"गर्दी होती गं. दुपारी निवांत बघू. चार वाजता त्यांची बस आहे, त्याआधी मोठा प्रिंट हातात द्यायचाय."

ती ऑफिसात पोचली ती पाय ओढतच. जुनं खराब कार्ड शोधून तिने स्वतःच्या हातांनी चालवून पाहिलं. पहिल्या चित्रावर सूचना, पुढच्या सगळ्यांवर शांतता, आणि सगळ्यांची खालची बाजू राखाडी. साहेबांनी खांद्यावरून पाहिलं.

"कार्ड खराब आहे," ते म्हणाले. "आपण काय करणार? उगीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, चूकताई."

आणि खरंच, कोणाला कळणार होतं? कार्डाला तोंड नव्हतं. तिने फक्त मूग गिळून बसायचं होतं. पण कार्ड खराब आहे हे लायब्ररीला वेळीच कळलं होतं. तेव्हा आई खुर्चीत होत्या, बाबा उभे होते, पुन्हा काढायला दोन मिनिटं पुरली असती. एकदा बोलून गप्प बसायला लायब्ररीला हिनेच शिकवलं होतं. ती पर्स उचलून निघाली.

स्टुडिओत तो बाबांचा फोटो उघडायच्याच बेतात होता.

"थांब," ती दारातूनच म्हणाली. "आधी ऐक. त्या महाराणीचे निरोप मी लिहिते. पहिल्या दिवसापासून मीच. तू सांगायचास आणि मी बदलायचे. तू म्हणालास एकदाच सांगावं, म्हणून… तसं केलं. तुला आवडावं म्हणून. नीट तपासलंही नाही. बाबांचे फोटो अर्धे गेलेत."

त्याने फोटो उघडला. वरच्या बाजूला बाबा होते, ताठ, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. त्यांच्या छातीखाली राखाडी पट्टा सुरू होत होता तो थेट तळापर्यंत. दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच.

"इतके दिवस माझ्यासमोर बसून तू ऐकत होतीस," तो हळू म्हणाला. "एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"रोज वाटायचं."

नेमक्या तेव्हा आई जिना उतरून आल्या. राहतं घर वरच होतं. मागोमाग बाबा, हातात बॅगेचं कुलूप.

"बघू, बघू," आई पुढे झाल्या. "अय्या… मी कुठाय?"

आईंनी राखाडी पट्ट्यावर बोट ठेवलं, मग वर बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हे बघा कसे उभे! बायको नाहीशी झाली तरी यांना पत्ता नाही."

एरवी सगळे हसले असते. बाबा म्हणाले, "मी आधीच सांगत होतो. फोटो काढणाऱ्याने फोटोत शिरू नये. चला, बस चुकेल."

"काका," तिने वाट अडवली नाही, पण आवाज वाढवला. "तुमचा फोटो माझ्यामुळे गेला. कार्ड बिघडलं होतं हे वेळेवर कळत होतं, आणि मी ते कळू दिलं नाही. माझ्यावर रागवा हवं तर. पण काकूंचा फोटो व्हायला हवा. तुमच्याशेजारी."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू ती पासपोर्टवाली ना?"

"हो."

"कार्डावर ढकलून गप्प राहता आलं असतं."

"आलं असतं."

बाबांनी कुलूप टेबलावर ठेवलं. "मुलीला फोन कर," ते आईंना म्हणाले, "म्हणावं, रात्रीच्या बसने येतोय." आणि जाऊन खुर्चीमागे उभे राहिले.

फोटोवाल्याने नवं कार्ड घातलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तो दिवा धर. अजून डावीकडे." ती दिवा धरून उभी राहिली. उजेडात शिंक आली ती तिने दाबली, दुसरी आली तीही दाबली. बटण दाबायच्या क्षणी, कोणी न सांगता, बाबांनी आईंच्या खांद्यावर हात ठेवला. आई एवढ्या चमकल्या की पहिला फोटो तसाच आला, तोंड उघडं. तो त्यांनी ठेवायलाच लावला.

या वेळी त्याने आणि तिने एकेक फोटो मोठा करून कडेपासून कडेपर्यंत पाहिला. सगळे पूर्ण होते. मोठा प्रिंट हातात घेऊन आई-बाबा वर गेले, आणि जिन्यावरून आईंचं "माझा हात नका धरू, पडाल!" ऐकू आलं.

खाली दोघंच उरले.

"अजून काही लपवलंयस?" त्याने विचारलं.

"एक…" ती म्हणाली. "माझा पासपोर्ट केव्हाच आला."

"ते मला माहीत होतं."

"आणि तू मला आवडतोस. खूप. आता जाते मी."

ती दाराकडे वळली. बाहेर ऊन होतं, रस्ता रोजच्यासारखा चालला होता, आणि तिला एवढंच कळत होतं की इथे पुन्हा येता येणार नाही.

"ऐक," तो मागून म्हणाला. "मला राग आलाय. खरा राग. आज दिवसभर तरी जायचा नाही."

"कळतंय मला."

"नाही कळत. राग आलाय म्हणून तू जावंस असं मी कुठे म्हटलं?" त्याचा आवाज जरा अडखळला. "मलाही तू आवडतेस… तुझ्यावर रागावलेला असतानासुद्धा. तू इथेच बस. मी रागावतो. संपला की सांगतो."

ती परत फिरली, स्टूल ओढून बसली. तो पाठ करून उगाचच प्रिंट लावत राहिला. बऱ्याच वेळाने, मागे न बघता, त्याने विचारलं, "चहा घेशील?"

"गेला राग?"

"छे, अजून आहे," तो म्हणाला, आणि दोन कप काढले.