तिसाव्या मजल्यावरचं उत्तर

"तिसावा," तो म्हणाला आणि वर एक विनोदही जोडून दिला, "वॉर्साचं सगळ्यांत सुंदर दृश्य या बेढब महालाच्या गच्चीवरूनच दिसतं म्हणे. कारण तिथून हा महाल दिसत नाही!"

लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या तेरेसानं बटण दाबलं. "हा विनोद मला रोज शंभर जण ऐकवतात."

"मग हसायची सवय झाली असेल..."

"विटायची झालीय."

तरी ओठांवर हसू आलंच मेलं! पोरगा उंचापुरा, कानाच्या पाळ्या गारठ्यानं लालबुंद. महालासमोर नवं हॉटेल उठत होतं, तिथली क्रेन तो चालवायचा. नाव अलोइझी, गाव लांब तिकडे श्लोंस्कमध्ये, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. मग काय, दर सुट्टीला स्वारी लिफ्टमध्ये हजर! गच्चीवरचं दृश्य आपलं निमित्ताला.

"दिवसभर वर जाता तुम्ही, पण गच्चीवर पाऊल टाकत नाही."

"ड्यूटी असते. आणि तुम्ही?"

"मी दिवसभर वरच असतो. पण बोलायला फक्त कावळे."

"कावळ्यांचं नशीब बाई मोठं!" ती बोलून गेली आणि मग तीस मजले उगाच बटणांकडे बघत राहिली.

उन्हाळ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. सप्टेंबरच्या अखेरीस एकदा लिफ्टमध्ये दोघंच होते. तो म्हणाला, "इराकच्या कामावर जातोस का, विचारताहेत. तीन वर्षं. तू 'थांब' म्हणालीस तर... नाही जात. लग्न करू."

'हो' अगदी तेरेसाच्या जिभेवर आलं होतं. पण इतक्या झटकन दिलेल्या होकाराला काय किंमत, असं वाटलं तिला. "माझ्या नावाच्या दिवशी गच्चीवर ये," ती म्हणाली. "मी स्टूल सोडून बाहेर आले, तर समज काय ते."

"नावाचा दिवस? आमच्याकडे माणसाचा वाढदिवस करतात गं. नावाचा दिवस काय, बकरीलाही असतो!"

"मग बकरीसाठी ये. कॅलेंडरात संतांची नावं असतात ना, त्यात माझं शोध."

नावाच्या दिवशी, एक ऑक्टोबरला, तेरेसानं आपली पाळी काझिमिएराबाईंच्या गळ्यात मारली. त्याही लिफ्टवरच्याच, जुन्या. निळा झगा घालून ती गच्चीवर जाऊन उभी राहिली. बोचरा वारा, जाळीपलीकडे नदी, पूल, सगळं शहर... आणि समोर त्याची क्रेन. फिरत होती! सळयांचे भारे उचलत होती! तिनं एकदा रुमालही हलवला. क्रेन थांबली नाही. गच्ची बंद व्हायची घंटा झाली तेव्हा तिला रडू कोसळलं. बकरी म्हणाला होता ना? बकरीच केली माझी!

पंधरा तारखेला पावसाची भुरभुर होती. लिफ्टमध्ये शाळेची पोरं गच्च भरलेली. त्यांच्या डोक्यांवर उंच धरलेली जांभळ्या अ‍ॅस्टरची फुलं, आणि त्यांच्याखाली अलोइझी. टाय लावून!

"तेरेसा... शुभेच्छा."

दोन आठवड्यांनी? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कितवा मजला?"

"तेरेसा, अगं, मी—"

"कितवा मजला, साहेब?"

"...तिसावा."

दार उघडलं. समोर बघतच ती म्हणाली, "आता फार उशीर झाला. उतरा, माणसं खोळंबलीत." आणि पोरांच्या लोंढ्यानं त्याला बाहेर नेलं.

दिवसभर ती वर गेली आणि खाली आली. दर खेपेला काचेपलीकडे तो दिसायचा, जाळीला टेकून दाराकडे बघत. उठ, जा, असं मन म्हणायचं. आणि ती हट्टानं स्टुलावर बसून राहायची. शेवटच्या खेपेला तो तिथं नव्हता.

पाच-सहा दिवसांनी काझिमिएराबाईंनी डब्यातून केक आणला. "घे. भाचीच्या नावाच्या दिवसाचा आहे, रविवारी केला."

"काय नाव तिचं?"

"तेरेसाच गं! पण ती पंधरा तारखेची. तू पहिल्या तारखेची ना?"

केकचा तुकडा हातातच राहिला. कॅलेंडरात संत तेरेसा दोन! वॉर्सातलं शेंबडं पोरही आधी विचारतं, बाई, तू कुठली, पहिलीची की पंधराची? पण तो बिचारा वाढदिवसवाल्यांच्या मुलखातला, त्याला काय ठाऊक? सांगायचं तिनं होतं. आणि तो तर आला होता... काम टाकून, टाय लावून, अगदी ठरल्या दिवशी आला होता!

लिफ्ट तशीच टाकून ती धावत सुटली. रस्ता ओलांडून, चिखल तुडवत, थेट हॉटेलच्या मुकादमापुढे.

"अलोइझी? काल गेला की इराकला. कागद तयार होते, सही तेवढी अडली होती. 'मी इथंच राहणार' म्हणून सगळ्यांना बिअर पाजायला निघाला होता गाढव. पंधराच्या संध्याकाळी आला, सही करून मोकळा झाला."

वर क्रेन फिरत होती. दुसराच कुणी चालवत होता.

"मी हो म्हणणार होते," तेरेसा म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, आणि म्हणाली कुणाला, तर मुकादमाला!

त्यानं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं.

"मग म्हणायचं होतंस ना, पोरी."