खांदा आणि चौकट

उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली.

प्लॅस्टिकचा एक कडक पट्टा. सातवीतल्या एका मुलीच्या गणवेशाच्या आत. एप्रिलच्या उन्हातसुद्धा.

स्टुडिओतला निळा पडदा धुवून वाळत होता.

"डावा खांदा जरा वर, मॅडम."

ट्रॉली बेलापुरात कलंडली, श्रीरामपूरला निघालेली जीप अडकली, आणि लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला निघालेल्या मायलेकी समोर दिसला त्या स्टुडिओत शिरल्या. पडदाच नव्हता, म्हणून फोटोग्राफर वाल्मिकनं लेकीला, ज्ञानेश्वरीला, दाराच्या चौकटीपाशी उभं केलं.

"डावा खांदा... जरासा—"

"एवढाच जातो तो."

"थोडं सरळ उभं राहता येईल?"

"मी बारावीला गणित शिकवते. सरळ रेषा फळ्यावर काढते. पगार तेवढ्याचाच मिळतो."

वाल्मिक कॅमेऱ्यामागून डोकावला. त्याचा तो गोंधळलेला चेहरा बघून तिला हसू फुटलं... आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडून बटण दाबलं गेलं.

"भाऊ," तिची आई रंगुबाई हळूच म्हणाली, "कंप्युटरवर खांदं सारकं करून द्या. लई लोकं करून घेत्यात म्हनं."

"आई!"

"तू गप. दिसलं की लोकं इचारत्यात."

दोन दिवसांनी फोटो न्यायला ज्ञानेश्वरी एकटीच आली. कंप्युटरच्या पडद्यावर एक मुलगी हसत होती. खांदे असे एका पातळीत, की वर पाण्यानं भरलेली वाटी ठेवावी.

"ही कोण?"

"तुम्हीच की." तो चाचरला. "आईंनी सांगितलं म्हणून..."

"आणि हे?"

मुलीच्या मागची सागवानी चौकट खांद्याजवळ चक्क आत वाकली होती.

वाल्मिकनं मान खाजवली. "खांदा ओढला की मागचंही ओढलं जातं. चौकट नीट करायला गेलो तर तुम्ही परत... होता तशा झालात. शेवटी म्हटलं, राहू दे दार वाकडं. दाराला कोण बघायला येतंय!"

तिला हसायचं नव्हतं. हसली. मग स्टूल ओढून बसली.

"माझ्या पाठीच्या कण्याला बाक आहे. मागून पाहिलं तर इंग्रजी एस. सातवीत पीटीच्या बाईंनी ओणवं केलं, तर एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या. वाढत्या वयात बाक वाढू नये म्हणून पट्टा घातला."

"दुखतं?"

"कधी कधी. फळा पुसताना जास्त."

"कशामुळं झालं?"

"डॉक्टर म्हणाले, कारण माहीत नाही. बऱ्याच मुलींचं असंच असतं म्हणे. दप्तरानं होत नाही, वाकडं बसूनही नाही. पण आईला वाटतं, तिनं लहानपणी माझ्या कडेवर कळशी दिली म्हणून. तेव्हापासून ती मला सरळ करतेय. आता फोटोतसुद्धा." तिनं पडद्याकडे बोट केलं. "हा फोटो गेला तर होकार हिला येईल. मला नाही."

"आणि खऱ्या फोटोला नकार आला तर?"

"येऊ दे ना. नकार तरी माझा असेल."

वाल्मिकनं माउस हातात घेतला. त्यानं ती सरळ मुलगी पुसून टाकली आणि मूळ फोटो उघडला. एक खांदा खाली, हसू मात्र पूर्ण.

"मला हा... पहिल्यापासूनच आवडला होता."

"का?"

वाल्मिकनं माउस सोडला. कान लाल झाले.

"कारण माहीत नाही."

ज्ञानेश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. बाहेरून उसाचा गोडसर, आंबूस वास येत होता.

"तुमचा एक फोटो द्या," ती म्हणाली.

"माझा? कशाला?"

"आईला दाखवायला. स्थळ बघतोय ना आम्ही."

"मॅडम... थट्टा करताय?"

"मॅडम नको. ज्ञानेश्वरी. आणि फोटोत काही सरळ करू नका."

घरी रंगुबाईनं पाकीट उघडलं.

"अगं, खांदा तसाच ठिवला की त्या भावानं!"

"मीच सांगितलं. आई, इकडं बघ. कळशीमुळं नाही झालं ते. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते."

"मग कशामुळं झालं?"

"ते त्यांनाही माहीत नाही. पण तुझ्यामुळं नाही."

रंगुबाईनं फोटोवरून अंगठा फिरवला. खांद्यावरून. सावकाश. नाक ओढलं, आणि पाकिटातला दुसरा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो तर फोटोवाला भाऊ!"

"तुझा भाऊ. माझा नाही."

रंगुबाईनं आधी लेकीकडं बघितलं, मग फोटोकडं, मग परत लेकीकडं.

"...ह्याचा एक कान मोठा हाय."

"असू दे."

"न्हाई, नुसतं सांगितलं," म्हणत रंगुबाई पदरात तोंड लपवून हसायला लागली. "रविवारी ये म्हनावं. च्या प्यायला."

सतराव्या वर्षी पट्टा निघाला तेव्हापासून ज्ञानेश्वरीच्या कण्याचा बाक तेवढाच होता; आता फोटोतही तेवढाच राहिला.